विश्लेषण : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर चारचौघांत जेवायचे कसे?

लग्नसराई असो, गणपती असोत की घरातले डोहाळजेवण. आपल्याकडे माणसाची विचारपूस ताटातून होते. ‘हे काय, काहीच घेतलं नाही’ आणि ‘माझ्यासाठी एक’ या दोन वाक्यांवर मराठी पाहुणचार उभा आहे. या पाहुणचारापुढे हात जोडणारा एक वर्ग गेल्या दीड-दोन दशकांत तयार झाला आहे. वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी, करून घेतलेल्यांचा हा वर्ग. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा ती घराघरांत माहीत झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद उपचारांसाठी मुंबईत आल्या आणि त्यांचे वजन किती उतरले याच्या बातम्या कित्येक आठवडे चालल्या. किलोंची चर्चा अशी भरपूर झाली. त्यानंतर हा माणूस रोज काय जेवतो, कोणाबरोबर जेवतो आणि चारचौघांत बसल्यावर त्याचे काय होते, याची मात्र फारशी झाली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजन वा लठ्ठपणाच्या गटात मोडतात. महाराष्ट्राचे आकडे याच्या आसपासच आहेत. त्यातले शस्त्रक्रियेपर्यंत जाणारे थोडेच. पण त्यांच्या शेजारी पाटावर बसणारे आपण सगळे आहोत.

पोटात नेमके काय बदलते?

निरोगी प्रौढाचे जठर जेवताना ताणले जाऊन लिटर-सव्वा लिटर अन्न सहज सामावून घेते. सध्या सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त या जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची, एक पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते, अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. पहिल्या काही महिन्यांत अनेकांचे एक वेळचे जेवण आपल्या स्वयंपाकघरातल्या आमटीच्या वाटीच्याही आत आटोपते. पुढे क्षमता थोडी वाढते, पण पूर्वीचे ताट परत येत नाही.

बदल केवळ आकाराचा नसतो. भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. दुसरीकडे, तृप्तीचा संदेश देणारी आतड्यातील संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात स्रवू लागतात. परिणामी पहिले काही महिने भूक लागतच नाही, असे रुग्ण सांगतात. घड्याळाकडे पाहून खावे लागते. म्हणूनच ‘त्यात काय, पोट कापून घेतलं, कोणीही बारीक होईल’ हा शेरा चुकीचा ठरतो. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च घटवून त्याला विरोध करते. ही शस्त्रक्रिया तो विरोध सौम्य करते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर, न झालेल्या तशाच लठ्ठ व्यक्तींपेक्षा कमी आढळला. ‘शॉर्टकट’ म्हणून हिणवण्याजोगे यात काही नाही.

पहिल्या दोन महिन्यांत जेवण म्हणजे काय?

आधी पाणी, नारळपाणी, वरणाचे गाळलेले पाणी. मग ताक, दूध, पातळ सूप, प्रथिनांची पावडर. त्यानंतर कुस्करलेले मुगाचे वरण, मऊ दही, पातळ पिठले. मग मऊ शिजवलेले, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि आपल्या डॉक्टरांचा तोच प्रमाण मानायचा. या काळात समारंभ टाळावेत हे बहुतेकांना पटते. ‘ऑपरेशन झालंय’ हे कारणही सगळ्यांना समजते. खरी अडचण चौथ्या महिन्यापासून पुढे येते. रुग्ण हिंडू-फिरू लागलेला असतो, वजन झपाट्याने उतरत असते आणि ‘आता काय झालंय खायला?’ हा प्रश्न सुरू होतो.

ताटाचा क्रम उलटा का होतो?

मराठी जेवण वरणभात-तुपाने सुरू होते आणि ताकभाताने किंवा दहीभाताने संपते. मध्ये पोळी, भाजी, उसळ, कोशिंबीर. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम मोडावा लागतो, कारण जागा थोडी आणि गरज मोठी. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, असे बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो, केसगळती वाढते. आता हिशेब पाहा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने, घरच्या वाटीभर वरणात पाच-सहा, वाटीभर दह्यात तेवढीच किंवा किंचित कमी, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २०. ज्याच्या पोटात एका वेळी वाटीभर मावते, त्याने पहिले चार घास भाताचे घेतले तर उसळीसाठी जागा उरत नाही. म्हणून आधी अंडे, मासे, चिकन, पनीर, दही किंवा उसळ; मग भाजी; आणि जागा राहिलीच तर भाकरी-पोळीचा चतकोर किंवा दोन चमचे भात. शुद्ध शाकाहारी घरात हे गणित अधिक अवघड जाते आणि पावडरीचा डबा फळीवर येतो. तो पाहून ‘हे असलं खातोस आणि घरचं नको म्हणतोस?’ असे कुणी ना कुणी म्हणतेच.

दुसरी मोडलेली सवय पाण्याची. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि नंतरही सुमारे अर्धा तास थांबायचे. एक तर लहानशा जठरात पाण्याने जागा जाते, आणि दुसरे म्हणजे घन अन्न त्याबरोबर लवकर पुढे सरकून भूक पुन्हा जागी होते. पण दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी जायला तर हवे. म्हणजे घोट घोट, दिवसभर. पानाशेजारी तांब्या-भांडे ठेवणाऱ्या घरात हा बदल किती मोठा आहे ते सांगायला नको. ठसका लागला तर काय, हा आजीचा प्रश्न रास्त आहे; त्याचे उत्तर घास लहान ठेवणे, एवढेच.

काय उतरते आणि काय अडकते, याचा अनुभव प्रत्येकाचा वेगळा. तरी काही गोष्टी बहुतेकांना जड जातात: ताजा पाव, मऊ पण चिकट भात, गार झालेली चिवट पोळी, मटणाचे मोठे तुकडे, कोरडे चिकन. उलट वाफवलेला मासा, बोंबील, खिमा, अंड्याची भुर्जी, मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ, दह्यात भिजवलेला थालीपिठाचा तुकडा हे तुलनेने सुखाने जाते. घास चावून अगदी लगदा करायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा घास. एवढ्याशा अन्नाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आपल्याकडे ढेकर ही तृप्तीची खूण. इथे ती खूण बदलते. कुणाला उचकी लागते, कुणाचे नाक वाहू लागते, कुणाला छातीच्या मधोमध दाब जाणवतो. उचकी लागली की कुणी तरी आठवण काढली असे म्हणतात. या माणसाची आठवण त्याच्याच जठराने काढलेली असते. त्यानंतरचा एक घासही तोंडात पाणी सुटणे, कळ आणि उलटीपर्यंत नेऊ शकतो. आग्रह करणाऱ्याचा ‘एकच घास’ म्हणजे नेमका हाच घास.

उलट्यांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अधूनमधून एखादी उलटी घाईघाईत खाल्ल्याने होते. पण रोज किंवा सलग काही दिवस उलट्या होत असतील तर ‘होईल सवय’ म्हणून बसू नये. अशा वेळी शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, घसरून मेंदू व नसांना कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

‘थोडे गोड तरी घ्या’ यात धोका कोणता?

साखरेचे पदार्थ, विशेषतः बायपासनंतर, जठरात न थांबता लहान आतड्यात एकदम उतरतात. आतडे त्या दाट पाकाला पातळ करण्यासाठी रक्तातले पाणी आत ओढते. खाल्ल्यावर दहा मिनिटे ते अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, आडवे पडावे असे वाटणे. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. दुसरा प्रकार उशिरा, एक ते तीन तासांनी येतो: साखर झपाट्याने चढल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते आणि मग साखर खाली कोसळते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. स्लीव्ह झालेल्यांनाही हे होऊ शकते, प्रमाण कमी. श्रीखंड, बासुंदी, जिलबी, गुलाबजाम हे नेहमीचे आरोपी. सगळ्यांनाच डम्पिंग होते असे नाही. पण ते कोणाला, कधी होईल हे लग्नाच्या हॉलमध्ये तपासून पाहण्यासारखे नाही. प्रसादाचा पेढा कणभर तोंडात टाकून उरलेला कागदात बांधून घरी नेणे यात देवाचा अपमान होत नाही.

याहून फसवा धोका वेगळाच आहे. भाकरी आणि मटण ज्याला जात नाही त्याला चिवडा, फरसाण, बिस्किटे, वेफर्स, आइस्क्रीम, मिल्कशेक मात्र मुळीच अडत नाहीत. तोंडात विरघळतात आणि सरकन खाली जातात. म्हणजे पाहुण्यापुढे आपण जे हमखास ठेवतो, चहा-बिस्किटे आणि चिवडा-लाडू, तेच या रुग्णाला सर्वांत सोपे आणि सर्वांत अयोग्य. दिवसभर थोडे थोडे चघळत राहिल्याने दोन-तीन वर्षांनी वजन परत चढू लागते आणि मग शस्त्रक्रियेलाच बोल लावला जातो. ‘जेवण नको तर निदान चिवडा तरी घ्या’ असे म्हणणारी यजमानीण मनाने कितीही चांगली असली तरी चुकीची वाटी पुढे करत असते.

नकार देणे एवढे अवघड का जाते?

आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे चलन आहे. जावयाला, माहेरवाशिणीला, दूरच्या पाहुण्याला वाढताना हात आखडता घेतला तर बोल लागतो, आणि घेणाऱ्याने नाही म्हटले तर वाढणाऱ्याचा हिरमोड होतो. शिवाय पानात टाकायचे नाही हा संस्कार लहानपणापासून हाडीमांसी भिनलेला. या दोन्हींच्या मधे शस्त्रक्रिया झालेला माणूस सापडतो. घेतले तर टाकावे लागते, टाकले तर माज दिसतो, आणि खाल्ले तर शरीर भर पंगतीत शिक्षा करते.

त्यात बऱ्याच जणांनी शस्त्रक्रिया लपवलेली असते. कारण उघड आहे. अपेंडिक्सचे किंवा पित्ताशयाचे ऑपरेशन सांगितले की सहानुभूती मिळते. वजनाचे सांगितले की सल्ले आणि शेरे. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी तर ही गोष्ट कुलूपबंद असते. मग थापा सुरू होतात. आज पित्त आहे, आत्ताच खाऊन आलो, रस्त्यात मिसळ झाली. थापा मारून थकलेला माणूस हळूहळू बोलावणीच टाळतो. वजन उतरवल्यावर लोकांत मिसळणे वाढेल अशी ज्याची अपेक्षा होती, तोच घरी बसू लागतो. ऑफिसातही तेच. पूर्वी चार जणांत डबा फिरवणारा आता एकटा कोपऱ्यात लहानशी डबी उघडतो, कारण प्रत्येक घासावर भाष्य ऐकायचे नसते. ज्या मित्रांशी मैत्रीच शुक्रवारच्या जेवणावर टिकून होती, त्यांच्यात आता बोलायचे काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नवल असे की नकाराची सोय आपल्या संस्कृतीने आधीच करून ठेवली आहे. उपवास असलेल्याला कोणी आग्रह करत नाही. ‘साखर आहे’ म्हटले की जिलबीचे ताट आपोआप मागे फिरते. मधुमेहाला समाजाने केव्हाच मान्यता दिली. आणि ‘पथ्य आहे’ या दोन शब्दांपुढे तर भल्याभल्या आत्या-मावश्या गप्प होतात. पथ्य कशाचे, हे विचारायची रीत नाही. हे दोन शब्द खरे आहेत, त्यासाठी शस्त्रक्रिया जाहीर करावी लागत नाही आणि वाढणाऱ्याच्या हातालाही कमीपणा येत नाही. मात्र हा तोडगा रुग्णाच्या बाजूचा झाला. सगळे ओझे त्याच्याच शहाणपणावर टाकणे अन्यायाचे आहे. जठर बदललेले नाही त्यांनी निदान एकदा विचारून थांबायला हरकत नाही. ‘वाळलास फार’, ‘तोंडावरचं तेज गेलं’, ‘केस किती गेले गं तुझे’ हे पंगतीतले शेरेही आवरता येतील. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस गळतात, ही झपाट्याने वजन उतरल्याची माहीत असलेली आणि बहुधा थांबणारी गोष्ट आहे. ज्याचे केस गळताहेत त्याला ती रोज आरशात दिसत असते.

पंगत, बुफे की थाळी?

उभ्याने जेवायच्या बुफेला आपल्याकडे बरीच नावे ठेवली गेली. या रुग्णांसाठी मात्र बुफे हा मित्र आहे. कोणी वाढत नाही, कोण किती घेतो हे कोणी पाहत नाही, बशीत दोन चमचे पनीर आणि थोडे दही घेऊन अर्धा तास गप्पा मारत हिंडता येते. पंगतीत तसे नाही. तिथे पान मांडलेले असते, वाढपी रांगेने येतात आणि सगळ्यांचे होईपर्यंत उठायचे नसते. यातली शेवटची रीत खरे तर सावकाश खाणाऱ्याच्या सोयीची, अडचण वाढप्याची. पानावर आधीच हात आडवा धरणे, शेजारी ओळखीचे माणूस बसवणे, लहान मुलाबरोबर एकाच पानावर बसणे असे मार्ग लोक आपापले शोधतात. भूक नसली तरी घरून थोडी प्रथिने खाऊन निघणे हे त्यातले सर्वांत शहाणपणाचे.

हॉटेलांचा प्रश्न निराळा आहे. उडप्याकडे एक इडली आणि वाटीभर सांबार मागता येते, मिसळ पावाशिवाय घेता येते, उरलेले बांधून नेता येते. ‘अनलिमिटेड थाळी’च्या ठिकाणी मात्र माणशी पूर्ण दर आणि ‘एक थाळी दोघांत चालणार नाही’ अशी पाटी. चार चमचे खाणाऱ्याने पूर्ण पैसे का द्यावेत? हॉटेलवाल्याची भीतीही खोटी नाही; सवलत ठेवली की सारेच कमी खाणारे निघतील. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये काही रुग्णालये अशा रुग्णांना एक लहानसे कार्ड देतात: या व्यक्तीची जठरावर शस्त्रक्रिया झाली आहे, लहान मुलांचा भाग द्यावा किंवा कमी दर लावावा. ते मानण्याचे बंधन हॉटेलवर नसते, पण अनेक ठिकाणी मानले जाते. आपल्याकडच्या रुग्णालयांना असे मराठीतले कार्ड छापायला फारसा खर्च येणार नाही. तोवर थाळीच्या हॉटेलात या माणसाला घेऊन न जाणे, हे मित्रमंडळींना सहज जमण्यासारखे आहे.

उपवास करावेत का?

इथे धार्मिक भावनेपेक्षा साबुदाण्याचा प्रश्न मोठा आहे. खिचडी चिकट, पिष्टमय आणि प्रथिनांनी जवळजवळ रिकामी; शेंगदाण्याचा कूट तेवढा आधार. बटाटा, वरी, रताळे यांचीही तीच गत. एका एकादशीने काही बिघडत नाही, पण श्रावणी सोमवार, नवरात्र, संकष्टी असे धरत गेल्यास महिन्यातले कित्येक दिवस प्रथिनांविना जातात. दूध, दही, ताक, पनीर हे उपवासाला चालतात. त्यांवर भर देता येतो. हरितालिकेसारखे निर्जळी उपवास मात्र टाळलेलेच बरे. ज्याला एका दमात ग्लासभर पाणी पिता येत नाही, त्याची दिवसभराची तूट संध्याकाळी भरून निघत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता उपवास करणे धोक्याचे. शस्त्रक्रियेनंतर ही मात्रा बहुधा कमी करावी लागते, जुन्याच मात्रेवर उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते. दिवसातून दोनदाच जेवण्याची जी पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे, तीही या रुग्णांना लागू पडत नाही. त्यांना पाच-सहा वेळा थोडे थोडे, पण ठरलेल्या वेळी खावे लागते.

पार्टीतला एक पेग?

शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते, कारण ते जठरात थांबत नाही. पूर्वी तीन पेगवर शांत बसणारा माणूस एका पेगवर गाडी चालवण्याच्या लायकीचा राहत नाही, आणि त्याला स्वतःला ते कळेलच असे नाही. अमेरिकेतील दहा रुग्णालयांतल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मद्यपानाच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात ७.६ टक्के होते, ते पहिल्या वर्षात फारसे हलले नाही, पण दुसऱ्या वर्षात ९.६ टक्क्यांवर गेले. बायपास झालेल्यांत धोका अधिक दिसला. ‘जेवत नाहीस तर निदान घे तरी’ हा मित्रांचा आग्रह म्हणून चिवड्याच्या आग्रहापेक्षा कितीतरी वाईट.

घरच्यांना कोणी सांगायचे?

शस्त्रक्रियेआधी समुपदेशन होते, आहारतज्ज्ञ तक्ता देतात. पण खुर्चीत बहुधा रुग्ण एकटा असतो, आणि स्वयंपाक दुसऱ्याच कुणाच्या हाती असतो. ज्या घरात सून किंवा आई स्वयंपाक करते तिला त्या खोलीत बसवल्याशिवाय तक्ता कागदावरच राहतो. आणि रुग्ण हीच स्वयंपाक करणारी असेल तर? जगभर या शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. तिने इतरांसाठी पुरणपोळ्या लाटायच्या, फोडणीचा वास सहन करायचा (शस्त्रक्रियेनंतर कित्येकींना काही वास नकोसे होतात), सगळ्यांची पाने उचलायची आणि मग उरलेसुरले आपण खायचे. शेवटी बसणारीच्या वाट्याला उसळ उरत नाही, भात उरतो. तिने ठरलेल्या वेळी, सगळ्यांच्या आधीसुद्धा, आपली वाटी घेऊन बसावे हे औषधाइतकेच गरजेचे आहे, आणि ते घरातल्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू आले तर चालून जाते.

पैशाची बाजूही बोलायला हवी. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा ३५ पासून पुढे आणि जोडीला हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळू शकतो. पण ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या आयुष्यभराच्या गोळ्या, दरवर्षीच्या रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञाच्या भेटी हा सारा बाह्यरुग्ण खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. वजन उतरले, मधुमेह आटोक्यात आला की लोक गोळ्या सोडतात. आधीच ब-१२ कमी असलेल्या शाकाहारी माणसाने तसे केले तर काही वर्षांनी हातापायांना मुंग्या आणि रक्तक्षय घेऊन तो परत येतो. शस्त्रक्रियेच्या ‘पॅकेज’मध्ये दोन वर्षांचा आहारसल्ला आणि कुटुंबाची किमान एक बैठक सक्तीची करावी, असे आमचे मत आहे.

इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हे लागू आहे का?

बरेचसे. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्वस्त पर्यायांची वाट मोकळी होते आणि घेणाऱ्यांची संख्या शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा कितीतरी मोठी होऊ शकते. या औषधांनी जठर लहान होत नाही. ते सावकाश रिकामे होते आणि भूक मंदावते. तेलकट किंवा भरपेट खाल्ले की मळमळ, उलटी, करपट ढेकर. प्रथिने आधी, घास लहान, पोट भरल्याची पहिली खूण दिसताच थांबणे हे नियम त्यांनाही तसेच. फरक दोन. डम्पिंगचा त्रास सहसा त्यांच्या वाट्याला येत नाही; आणि इंजेक्शन थांबवले की भूक परत येते, तिच्याबरोबर बहुतेकांचे बरेचसे वजनही. त्यामुळे ‘आज नको, पथ्य आहे’ हे वाक्य येत्या लग्नसराईत अनेकांच्या तोंडून ऐकू येईल, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पोटावर टाके असतीलच असे नाही.